चार वाद्यांची बैठक

आकाशवाणीची पहाटेची ती धून आठवते ना? धारवाड लावा, सांगली लावा नाहीतर मुंबई; केंद्र सुरू होण्याआधी तीच. खाली तंबोरा, वर व्हायोलिन आणि शिवरंजनीची आठवण करून देणारा तो उदास-गोड वळसा. आपल्या सीमाभागातल्या घरांत बातम्या मराठी ऐकायच्या की कन्नड यावरून कधी कुरबूर झाली असेल, पण त्या धुनेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते की ती आपल्याच कुणा बुजुर्ग गवयानं बांधली असणार. प्रत्यक्षात १९३६ सालची ही धून वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची आहे. कॉफमन यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाडचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. धुनेतलं व्हायोलिन मुंबईच्या मेहली मेहता यांनी वाजवलं असं सांगितलं जातं. पुढे जगभर गाजलेले संगीत-संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव.

आज मात्र मला या धुनेबद्दल लिहायचं नाही. या दोघांनी मुंबईत जे आणखी एक काम केलं, ते आपल्या रसिकांना फारसं ठाऊक नाही आणि ते ठाऊक असायला हवं असं मला वाटतं.

हिटलर सत्तेवर आल्यावर मध्य युरोपातल्या ज्यूंना दिवस कठीण आले. कॉफमन यांचा प्रबंध प्रागच्या जर्मन विद्यापीठात तयार होता, पण आपले मार्गदर्शकच तिथल्या नाझी तरुण संघटनेचे पुढारी आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवी घ्यायलाच नकार दिला. (आमच्या धंद्यात पीएच.डी.साठी माणसं काय काय सहन करतात हे रोज पाहतो, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटते.) १९३४ साली ते मुंबईत उतरले. व्हिसा लवकर मिळत होता, हे हिंदुस्थानात येण्याचं मुख्य कारण. थोडे दिवस राहू आणि परत जाऊ असा हिशेब होता. मुक्काम बारा वर्षांचा झाला.

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एदिजिओ वेर्गा नावाचे इटालियन वादक. मे १९३७ पर्यंत या मंडळाचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत १३६! ज्यांनी कुणी गावात संगीत मंडळ चालवलं आहे, सतरंज्या अंथरल्या आहेत, पाहुण्या कलाकाराला स्टँडवरून आणलं आहे, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता ‘चेंबर म्युझिक’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. चेंबर म्हणजे खोली. इटालियनमध्ये खोलीला ‘कामेरा’ म्हणतात, आपला फोटोचा कॅमेरा त्याच शब्दातून आला. तेव्हा हे खोलीतलं संगीत. मोठ्या वाद्यवृंदाचं नाही, चर्चमधलं नाही, नाटकगृहातलं नाही. वाजवणारे तिघे, चौघे, पाच जण आणि ऐकणारे खोलीत मावतील तेवढे. आपल्या भाषेत याला सरळ बैठक म्हणावं. त्यातला सगळ्यात मानाचा प्रकार स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिनं, त्याहून थोडा मोठा आणि घोगऱ्या आवाजाचा व्हायोला, आणि गुडघ्यांमध्ये उभा धरून वाजवायचा चेलो. प्रत्येकाला चार तारा, म्हणजे एकूण सोळा. हायडननं (१७३२–१८०९) अशी अडुसष्ट क्वार्टेटं लिहिली आणि हा प्रकार बसवून दिला. समोर काठी घेऊन उभा राहणारा संचालक यात नसतो. चौघं एकमेकांकडे बघतात, श्वास बरोबर घेतात आणि सुरू करतात. आपल्याकडे समेवर येताना गवई आणि तबलजी यांची जी नजरानजर होते, तिथे ती सतत चालू असते.

ग्योटे या जर्मन कवीनं क्वार्टेटला चार समंजस माणसांच्या संभाषणाची उपमा दिली होती. मला आपल्या घरांची उपमा जास्त जवळची वाटते. आजी कन्नडमध्ये विचारते, नातू मराठीत उत्तर देतो, मधेच सून दोन्ही मिसळून काहीतरी बोलते, आजोबा खालच्या आवाजात एकच वाक्य तिसऱ्यांदा म्हणत असतात. आणि तरी सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. बाहेरून आलेला पाहुणा मात्र गोंधळतो. क्वार्टेट पहिल्यांदा ऐकताना आपण तो पाहुणा असतो.

कॉफमनही मुंबईत असेच पाहुणे होते. त्यांनी लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातलं काही कळलं नाही, परकंच वाटलं. पण ज्यांनी हे संगीत केलं त्यांनी ते मन आणि बुद्धी लावूनच केलं असणार, तेव्हा उणीव आपल्या कानात आहे, असं त्यांनी ठरवलं. १९३७ ते १९४६ ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख होते. त्याच काळात रागसंगीताचा अभ्यास चालू राहिला. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवताना त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर आणि नंतर दाक्षिणात्य रागांवर असे दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे सारख्या आस्थेनं पाहणारा परदेशी माणूस म्हणून तरी आपल्या दुभाषी वाचकांनी त्यांचं नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

परगावी गेलेला माणूस आपलं संगीत बरोबर नेतो, आणि नेताना ते लहान करून नेतो. सुरतेच्या लिंबायतमध्ये खानदेशातून कापडधंद्यासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. गावची जत्रा उचलून नेता येत नाही. आरती, अभंग आणि टाळ-मृदंग नेता येतो. कॉफमनना प्रागचा वाद्यवृंद आणता येणार नव्हता, पण चार माणसं जमवता येत होती.

मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. या चौकडीच्या तालमी मेहतांच्या घरीच होत. झुबिन मेहता यांनी आपल्या लहानपणाबद्दल बोलताना हे सांगितलं आहे: खोलीत वडील आणि त्यांचे साथीदार वाजवताहेत आणि मुलाच्या कानावर ते रोज पडतंय. कलावंत घडतो तो असा, हे किराणा आणि ग्वाल्हेर घराण्यांच्या या मुलखात कुणाला नवं नाही.

आता फ्रान्सकडे वळतो. क्वार्टेट म्हटलं की हायडन, मोत्सार्ट, बेथोवेन ही जर्मन-ऑस्ट्रियन परंपरा डोळ्यांसमोर येते. पण माझं अनुभवानं झालेलं मत असं की आपल्या कानांनी दार ठोठवायचं ते फ्रेंच क्वार्टेटचं. त्याला कारण आहे.

आपल्या संगीतात तंबोरा षड्ज धरून बसलेला असतो. घर पक्कं, मग माणूस कितीही भटको. युरोपीय संगीतात घरच हलतं. षड्ज बदलतो, परत येतो, पुन्हा निसटतो. आपला श्रोता अस्वस्थ होतो तो इथं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या काही संगीतकारांना जर्मन पद्धतीच्या या काटेकोर हालचालीचा कंटाळा आला होता. ते जुन्या चर्चमधल्या स्वरसप्तकांकडे, लोकगीतांकडे, पूर्वेकडे बघू लागले. क्लोद दब्युसीनं १८८९ सालच्या पॅरिस प्रदर्शनात जावा बेटावरचं गामेलान ऐकलं आणि तो त्यावर लुब्ध झाला. चारच वर्षांनी, १८९३ साली, त्यानं आपलं एकुलतं एक क्वार्टेट लिहिलं. त्याच वर्षी २९ डिसेंबरला पॅरिसमध्ये इझाई क्वार्टेटनं ते पहिल्यांदा वाजवलं. दब्युसीचं वय तेव्हा एकतीस.

हे क्वार्टेट सुरू होतं तेच कोमल रिषभाच्या छायेत. पाश्चात्य लोक ज्याला फ्रिजियन म्हणतात ते सप्तक, म्हणजे आपला भैरवी थाट. कर्नाटक पद्धतीत हनुमतोडी. म्हणून भैरवी ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नका, ती येणार नाही. पण पहिलं वाक्य कानावर पडल्यावर ‘हे अगदीच परकं नाही’ असं जे वाटतं, त्याचं मूळ तिथं आहे. ते पहिलं वाक्य नीट लक्षात ठेवा. तेच बीज दुसऱ्या भागात वेगळा वेश घालून येतं, शेवटच्या भागात पुन्हा येतं. एकच मुखडा घेऊन त्याची बढत करणाऱ्या गवयाची सवय असलेल्यांना हे सापडायला वेळ लागू नये. दुसऱ्या भागात बराच वेळ गजाऐवजी बोटांनी तारा छेडल्या जातात; सतारी आणि तंबोरे एकत्र बागडावेत तसं ते वाटतं. तिसरा भाग संथ. तारांवर छोटा चिमटा बसवून आवाज दाबलेला असतो. पूर्ण क्वार्टेट अर्ध्या तासाच्या आत संपतं. एका विलंबित ख्यालाइतकाच वेळ.

मोरिस राव्हेलचं क्वार्टेट १९०३ साली पूर्ण झालं आणि ५ मार्च १९०४ ला पहिल्यांदा वाजलं. हे त्यानं आपले गुरू गाब्रिएल फोरे यांना अर्पण केलं आहे. राव्हेलची त्या वेळची कहाणी आमच्या विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखी आहे. या क्वार्टेटच्या पहिल्या भागाला पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. ‘प्री द रोम’ या सरकारी पारितोषिकासाठी तो पाच वेळा बसला. १९०५ साली तर त्याला प्राथमिक फेरीतच बाद केलं आणि पॅरिसच्या वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. विद्यालयाच्या प्रमुखांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी खुद्द फोरे आले. ज्या वर्षी हे सगळं झालं, त्याच्या आधीच हे क्वार्टेट वाजून गेलं होतं!

राव्हेलच्या दुसऱ्या भागात लयीची गंमत आहे. सहा मात्रा, कुणी त्या तीन-तीन मोजतो, कुणी दोन-दोन-दोन. दोन्ही हिशेब एकाच वेळी चालतात आणि छेडलेल्या तारांमुळे ते टिपऱ्यांसारखे कानावर येतात. शेवटचा भाग पाच मात्रांत सुरू होतो. युरोपीय श्रोत्यांना त्या काळी हे अडखळल्यासारखं वाटलं असेल. आपल्याला का वाटावं? झपतालाचं अर्धं आवर्तन आहे ते. ज्यांच्या घरी दासरपदं म्हटली जातात त्यांना खंड चापू ताल सांगायला नको. लय फार जलद असते, त्यामुळे एकदोनदा हात चुकतो, पण मग सापडतं. पुढे मधेच तीन मात्रांचा प्रवाह येतो आणि पाच पुन्हा आदळतात. मैफलीला सोबत एखादा मृदंग वाजवणारा मित्र असला तर त्याच्या मांडीवरच्या बोटांकडे जरूर पाहा.

आणि फोरे. त्यांनी आयुष्यभर क्वार्टेटला हात लावला नाही; बेथोवेननंतर तिथं जाण्याची भीती वाटे. १९२४ साली, एकोणऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी ते पूर्ण केलं. तोवर त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती. जे थोडं ऐकू येई, ते स्वरसुद्धा विकृत होऊन येत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. क्वार्टेट लोकांनी ऐकलं ते १९२५ साली. या रचनेत टाळी घेणारी जागा नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं यापासून सुरुवात करू नये हे खरं, पण रात्री उशिरा, घर झोपल्यावर ऐकण्यासाठी याच्याइतकं दुसरं मला ठाऊक नाही.

फ्रान्सच्या या मंडळींना आपल्या संगीताची कल्पना होती का? होती, आणि त्याचा धागा बडोद्याहून जातो. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८८६ साली गायनशाळा काढणारे मौलाबक्ष हे म्हैसूर दरबारी राहिलेले, उत्तर आणि कर्नाटक दोन्ही पद्धती जाणणारे. त्यांचे नातू इनायत खाँ पुढे सूफी गुरू म्हणून युरोपात प्रसिद्ध झाले. तेच १९१३च्या सुमारास आपल्या भावांसह पॅरिसमध्ये होते आणि दब्युसीनं त्यांची वीणा ऐकली. मराठी राजाचं संस्थान, म्हैसूरचे संस्कार, पॅरिसचा श्रोता! राव्हेलचा शिष्य मोरिस दलाज १९१२ साली हिंदुस्थान फिरून गेला. त्यानं केलेल्या चार हिंदू कवितांच्या गीतांत साथीला स्ट्रिंग क्वार्टेट आहे. त्यातल्या ‘लाहोर’ या गीताच्या आरंभी चेलोची छेडलेली तार बोटानं ओढत नेलेली ऐकू येते. तो नाद इम्दाद खाँच्या ध्वनिमुद्रिकेवरून घेतलेला आहे. इम्दाद खाँ म्हणजे सतारीचे विलायत खाँ यांचे आजोबा. आल्बेर रुसेल हा नौदलातला अधिकारी नोकरी सोडून संगीतकार झाला होता. १९०९ साली तो पत्नीसह इकडे आला, वेरूळची लेणी पाहिली आणि त्यावर वाद्यवृंदाची रचना केली. क्वार्टेटही त्यानं लिहिलं, पण बरंच नंतर.

उलट दिशेनं आलेलं व्हायोलिन तर आपण केव्हाच घरचं करून टाकलं आहे. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी दोनशे वर्षांपूर्वी ते हाती घेतलं, मांडी घालून त्याची मान पायावर टेकवली आणि ते कर्नाटक संगीताचं झालं. कन्नडमध्ये त्याला पिटीलु हे नावही मिळालं. पिटीलु चौडय्यांनी (१८९५–१९६७) मोठ्या सभागृहात ध्वनिक्षेपकाशिवाय आवाज पोहोचावा म्हणून त्याला सात तारा लावल्या. बंगळूरला त्यांच्या नावचं सभागृहच व्हायोलिनच्या आकाराचं आहे. आपल्या बाजूला गजाननराव जोशी, वाईचे व्ही. जी. जोग. म्हैसूरचे जयचामराज वाडियार तर दोन्हीकडचे: स्वतः वाग्गेयकार, आणि लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्षही.

एवढं सगळं असताना मुंबईची ती बैठक टिकली का? नाही. कॉफमन १९४६ साली गेले. परदेशी श्रोते आणि निर्वासित कलावंत स्वातंत्र्यानंतर हळूहळू पांगले. झुबिन १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले. १९५५ साली मेहली मेहतांनी सत्तेचाळिसाव्या वर्षी मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात नोकरी धरली. स्वतःचा वाद्यवृंद उभा करणारा माणूस दुसऱ्याच्या वाद्यवृंदात वादक म्हणून बसला. पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये ते होते, मग लॉस एंजेलिसला तरुणांचा वाद्यवृंद तेहतीस वर्षं चालवला. २००२ साली तिकडेच गेले. गोव्याच्या पॅरिश शाळांत सोल्फा शिकून तयार झालेले उत्तम वादक मुंबईत होते, पण त्यांचं पोट हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंवर चालत होतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली स्वतःचा वाद्यवृंद काढून पाहिला आणि १९६५ साली तेही अमेरिकेला गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचं नाव गाण्यात गुंफलं, लोक त्यावर आजही नाचतात, माणूस मात्र कुणाला ठाऊक नसतो.

वादक होते, विद्या होती, वाद्यं होती. कमी पडली ती दर गुरुवारी येऊन बसणारी माणसं. ऑर्केस्ट्राला राजाश्रय मिळेल, सिनेमाला तिकीट मिळेल. बैठकीला मात्र शंभरभर नेमानं येणारे श्रोतेच लागतात आणि त्यांची जागा पैशानं भरून निघत नाही. हे मुंबईच्या क्वार्टेटबद्दल जितकं खरं, तितकंच आपल्याकडच्या मासिक सभेबद्दल. महोत्सवाला मांडव ओसंडतो आणि एरवी महिन्याच्या बैठकीला कलाकारापेक्षा वाद्यांची संख्या जास्त, हे दृश्य आपल्या भागातल्या कार्यकर्त्यांनी पाहिलेलं आहे. मुलाला व्हायोलिनच्या शिकवणीला घालणारे पालक भेटतात. त्याला ऐकायला घेऊन जाणारे क्वचित.

ऐकायचं तर आज अडचण उरलेली नाही. मुंबईत एनसीपीए आहे, तिथं २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वादक आहेत. पुण्यात पूना म्युझिक सोसायटी आहे. आपल्याला पणजी त्याहून जवळ, आणि तिथल्या कला अकादमीत पाश्चात्य संगीत शिकवलंही जातं. मैफलीला गेलात तर एक रिवाज सांभाळा. चार भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत आणि ‘वाहवा’ तर अजिबात नाही. हा नियम मला स्वतःला थोडा कोरडा वाटतो. चांगल्या जागेला मान हलली नाही तर ती जागा ऐकली कशी म्हणायची? पण पाहुण्यानं घरचे नियम पाळावेत. जाणं जमत नसेल तर मोबाइलवर ही तिन्ही क्वार्टेटं मिळतात. आधी राव्हेलचा दुसरा भाग लावा, मग दब्युसी सबंध, आणि फोरे शेवटी. घरात ताल धरणारं कुणी वडीलधारं असेल तर राव्हेलचा चौथा भाग त्यांना काही न सांगता ऐकवा आणि पाच मात्रा त्यांना कितव्या आवर्तनात सापडतात ते मोजा.